जुन्या कोब्यावर टाइल्स बसवण्यापूर्वी: आठ आठवड्यांच्या नोंदी

४ मार्च

खोली ४.२ मीटर बाय ३.६ मीटर, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर. तळमजला, खाली मातीवर थेट घातलेला काँक्रीटचा कोबा. त्याला कधीतरी तांबडा रंग दिलेला आणि त्या रंगावरच आधीच्या टाइल्स बसवलेल्या. दोनेक वर्षांपासून टाइल्स पायाखाली हलायला लागल्या होत्या. आता सगळ्या काढायच्या, कोबा नीट तयार करायचा आणि ६०० बाय ६०० मिमीच्या नव्या टाइल्स लावायच्या. सोबत धाकटा भाऊ. मी अशा कामाला नवी आहे, म्हणून रोजचं लिहून ठेवते आहे.

आज फक्त उपसाउपशी. अर्ध्याहून जास्त टाइल्स छिन्नीचं टोकसुद्धा न लावता, नुसती पट्टी घालून उचकटल्यावर अख्ख्या निघाल्या. त्यांची पाठ उलटून पाहिली तर दातेरी थापीच्या रेषा जशाच्या तशा होत्या आणि त्यावर तांबड्या रंगाचा पापुद्रा चिकटलेला. म्हणजे टाइल आणि ॲडहेसिव्ह यांचं एकमेकांशी घट्ट जमलं होतं, ॲडहेसिव्ह आणि रंगाचंही जमलं होतं. सुटला तो रंग, कोब्यापासून.

दारापासून खिडकीपर्यंत मात्र एक पट्टा असा होता, जिथे टाइल्स फुटल्या पण निघेनात. तिथे हातोडा-छिन्नीनेच काम झालं. खालचा कोबा पाहिल्यावर कारण कळलं. ही जुनी पायवाट. टाइल्स लावण्याआधीच चालून चालून तिथला रंग झिजला होता आणि ॲडहेसिव्ह थेट सिमेंटला लागलं होतं. एकाच खोलीत, एकाच हाताने, एकाच दिवशी केलेल्या कामाचे हे दोन निकाल शेजारी शेजारी पडलेले बघून मी बराच वेळ तिथेच बसले. पुढचं सगळं काम कशासाठी आहे ते मला आज समजलं.

वेळ: दोघांचे साडेपाच तास. राडारोडा बावीस गोण्या.

५ मार्च

आज घासाई सुरू करायची होती, पण थांबलो. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासल्यावर ते धुळीतून श्वासात जातं. रंगाचा तुकडा तपासायला दिला. चार दिवस लागणार. (कोब्यावर जुन्या व्हिनाइल टाइल्स किंवा त्यांचं काळं डांबरी चिकटद्रव्य असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासल्याशिवाय ते खरवडूही नये.)

तोवर ठोकून बघण्याचं काम. हलका हातोडा घेऊन, गुडघ्यांवर बसून, वीतभर अंतराने अख्खी खोली ठोकली. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. कान तयार व्हायला दहा मिनिटं लागतात, मग फरक चुकत नाही. तीन बद्द जागा सापडल्या. मोठी खिडकीखाली, साधारण ६० बाय ८० सेंमी. तिन्हींभोवती खडूने रेघा मारल्या.

मग पाण्याचे थेंब. रंगावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला, दहा मिनिटांनीही तसाच. पायवाटेवर मिनिटाभरात जिरला. कोपऱ्यात एक काळपट डाग आहे, तिथे रंग उडालेला असूनही थेंब जिरत नाही. तेल असावं.

भेगांचे फोटो काढून ठेवले. हे काम घासाईच्या आधी केलं, याचा पुढे फार उपयोग झाला.

६ मार्च

ओलीची चाचणी, आणि एक वाया गेलेला दिवस. ४५ सेंमीचे चौकोनी प्लास्टिकचे तुकडे चारही कडांनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवायचे, मग उचलून खाली पाणी सुटलंय का, काँक्रीट काळं पडलंय का ते बघायचं. मी तीन तुकडे लावले, तिन्ही कोरडे निघाले. आनंद झाला.

संध्याकाळी ओळखीचे एक गवंडी काका बघायला आले. त्यांनी प्लास्टिककडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे रंगावर लावलंत का?" रंग हाच ओल अडवणारा थर. खालून येणारी ओल त्याच्याखालीच थांबते, प्लास्टिकला काय दिसणार? चाचणी घासाईनंतर पुन्हा करायची.

९ मार्च

रंगात शिसं नाही. घासाई सुरू.

पाच इंची ग्राइंडर, डायमंड कप व्हील, ग्राइंडरला बसणारं धूळ ओढणारं झाकण, आणि बारीक धुळीचा फिल्टर असलेला व्हॅक्युम. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचते आणि तिथून निघत नाही. म्हणून तोंडाला रुमाल नाही, तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बदलता फिल्टर असलेला मास्क. डोळ्यांना गॉगल, कानांत बोळे. दाराला प्लास्टिकचा पडदा लावला.

चार तासांत अडीच चौरस मीटर. फारच कमी. मी बारीक दाण्याचं व्हील घेतलं होतं, पृष्ठभाग छान गुळगुळीत येईल म्हणून. दोन्ही बाजूंनी चूक. घर्षणाने रंग तापून मऊ झाला आणि घासला जाण्याऐवजी पसरला. व्हीलच्या दातांमध्ये भरला, मग व्हील नुसतं रंगावर फिरत राहिलं. आणि मुळात गुळगुळीत पृष्ठभाग नकोच आहे. ॲडहेसिव्हला पकडायला बारीक खरबरीतपणा हवा, साधारण जाड पॉलिश पेपरवर हात फिरवल्यासारखा.

१० मार्च

आजची चूक जास्त महागात पडली. घासाई टळेल या आशेने एका कोपऱ्यात पातळ केलेलं ॲसिड ओतलं. रंगाला काहीच झालं नाही, ॲसिड सिमेंटला खातं, रंगाला नाही. जिथे रंग आधीच उडालेला होता तिथे फेस आला आणि वाळल्यावर पांढरी भुकटी राहिली. ती तीन वेळा धुतली तरी बोटाला लागत होती. शेवटी तो तुकडाही ग्राइंडरनेच घासावा लागला. वर पाणी ओतल्याने ओलीची चाचणी आणखी पुढे गेली.

शिवाय खोलीत ठेवलेल्या छिन्न्या आणि दाराच्या बिजागऱ्या सकाळी गंजलेल्या दिसल्या. ॲसिडच्या वाफा लोखंडावर बसतात, झाकलेलं असलं तरी. तेव्हा हा मार्ग सोडलाच. कुणी करणारच असेल तर एवढं तरी पाळा: पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

११ आणि १२ मार्च

रंगासाठी वेगळं, मोठ्या दातांचं व्हील आणलं. आधी रुंद पत्र्याने सुटा रंग खरवडून काढला, मग व्हील. उरलेले साडेबारा चौरस मीटर दोन दिवसांत सात तासांत झाले. भरलेलं जुनं व्हील फेकायची गरज पडली नाही. वाळू-सिमेंटच्या विटेवर अर्धा मिनिट फिरवलं की दातांतला रंग निघतो आणि हिरे पुन्हा उघडे पडतात.

व्हॅक्युमची ओढ कमी झाली की लगेच थांबून फिल्टर झटकायचा. आम्ही एकदा तसंच रेटलं आणि पाच मिनिटांत समोरची भिंत दिसेनाशी झाली.

भिंतीलगतचे दोन इंच ग्राइंडर पोचत नाही. ते छिन्नीने आणि हाताने, कंटाळवाणं काम, अख्खी एक दुपार. ते सोडून द्यायचा मोह झाला होता. पण कडेची टाइल त्याच दोन इंचांवर टेकणार आहे.

संपल्यावर थेंबांची चाचणी पुन्हा केली. सगळीकडे मिनिट-दीड मिनिटात जिरतात, एका कोपऱ्याशिवाय.

१३ मार्च

तेलाचा डाग. दोनदा तेल काढणारं द्रव घासलं, मग शोषणारी भुकटी त्याच द्रवात कालवून लेप दिला, रात्रभर ठेवला. वरून डाग फिका झाला. थेंब मात्र उभाच. तेल काँक्रीटच्या आत मुरलेलं होतं. दुपारी निर्णय घेतला आणि ३० सेंमीचा तुकडा १० मिमी खोल फोडून काढला. खाली स्वच्छ राखाडी रंग आणि थेंब चटकन आत. लेपात गेलेला दीड दिवस वाचवता आला असता. इतक्या लहान डागाला फोडणं हाच जवळचा रस्ता आहे.

१४ मार्च

बद्द जागा उघडल्या. खिडकीखालचा कोबा पहिल्याच घावात ढलपीसारखा सुटला. त्याच्या खाली मातकट धूळ, मूळ काँक्रीट न झाडता वरचा थर घातलेला. इथेही पहिल्या दिवसासारखंच: मधल्या धुळीला चिकटलेलं होतं सगळं.

कडा उतरत्या ठेवायच्या नाहीत, हे काकांनी सांगितलं. कागदासारखी पातळ कड लवकर तुटते. म्हणून खडूच्या रेघेच्या बाहेर दोन इंच चांगल्या जागेत जाऊन ग्राइंडरच्या कटिंग चकतीने १० मिमी खोल सरळ काप घेतला, आतलं सगळं फोडलं. तळ ब्रशने घासला, व्हॅक्युम केला, पाण्याने भिजवला, आणि वरचं साचलेलं पाणी फडक्याने टिपलं. आतून ओला, वरून कोरडा, असा हवा.

मग सिमेंट, पाणी आणि एसबीआर (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रव) कालवून पातळ राबडी केली, तिन्ही खड्ड्यांत ब्रशने लावली आणि दुरुस्तीचं मॉर्टर कालवायला घेतलं.

१६ मार्च

खिडकीखालचा तुकडा बद्द वाजतो. इतर दोन खणखणीत.

कारण वेळेत आहे. राबडी तिन्ही ठिकाणी एकदम लावली आणि मॉर्टर मात्र एकामागून एक भरलं. खिडकीपाशी पोचेपर्यंत वाऱ्याने राबडी सुकून पांढुरकी झाली होती. मला ते दिसलं होतं. "आहे ना लावलेली" म्हणून पुढे गेले. ओली राबडी दोन थर जोडते, सुकलेली राबडी त्यांच्यामध्ये स्वतःच एक पापुद्रा होते. न लावलेली त्यापेक्षा बरी.

तुकडा फोडला. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि यावेळी मॉर्टर कालवून तयार झाल्यावरच ब्रश हातात घेतला. भाऊ पुढे राबडी लावतो, मी मागून लगेच मॉर्टर दाबते.

गेले: दीड दिवस, मॉर्टरची एक पिशवी.

१७ मार्च

भेगा. दोन आहेत. एक केसासारखी, कोपऱ्यात तिरकी. दुसरी दारापासून खिडकीपर्यंत, दीड मिमी रुंद.

आधी बघायचं ते उंचीतला फरक. भेगेच्या दोन्ही बाजूंवर पट्टी आडवी ठेवली, बोटाने चाचपडलं. एक बाजू वर, एक खाली असं नाही. तसं असतं तर खालची जमीन बसते आहे असा अर्थ झाला असता आणि टाइल्सचा विचारच बाजूला ठेवावा लागला असता.

मग ५ तारखेचे फोटो काढले. केसासारख्या भेगेत रंग आत उतरलेला आणि वरून अखंड. म्हणजे भेग रंगाच्या आधीची आणि नंतर हललेली नाही. मोठ्या भेगेवर मात्र, जिथे रंग उरला होता तिथे, तोही चिरलेला. ती रंग दिल्यानंतरही उघडझाप करते आहे. घासून झाल्यावर फोटो नसते तर हे कळायला मार्ग नव्हता.

लहान भेग साफ करून इपॉक्सीने भरली. मोठीवर, तिची हालचाल टाइलपर्यंत न पोचवणारा मेम्ब्रेन घालायचा ठरवलं. ३० सेंमी रुंदीची पट्टी आणली होती. मग माहितीपत्रक वाचलं: पट्टी टाइलच्या रुंदीच्या किमान तिप्पट हवी. ६०० च्या टाइलला १.८ मीटर. विचार केल्यावर पटतं. भेगेवर आडवी आलेली टाइल एका टोकाला मेम्ब्रेनवर आणि दुसऱ्या टोकाला थेट कोब्यावर चिकटली, तर भेग उघडताना तीच ताणली जाणार. १.८ मीटर म्हणजे अर्धी खोली, आणि मेम्ब्रेन जिथे संपतो तिथे जाडीची पायरी येते. म्हणून अख्ख्या खोलीवर घालायचा. पट्टी परत दिली. हा खर्च आधीच्या हिशेबात नव्हता.

१८ मार्च

पातळी. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकच समजत होते. जमीन पाणसळीत असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. ढाळ असलेली जमीनही सपाट असू शकते. टाइलला गरज सपाटपणाची. एक कड ३८ सेंमीपेक्षा लांब असलेल्या टाइलसाठी ३ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीहून जास्त फट नको. लहान टाइलला ६ मिमीपर्यंत चालतं. टाइल मोठी, तेवढी जमीन जास्त चांगली लागते, कारण मोठी टाइल खड्ड्यात वाकून बसत नाही.

सकाळी ॲल्युमिनिअमची लांब पट्टी घेऊन फटी मोजत गेलो. आकडे जुळेनात. तीच जागा उलट बाजूने मोजली की वेगळं उत्तर. दुपारी पट्टीच तपासली. भिंतीवर तिच्या कडेने रेघ मारली, पट्टी उलटवून त्याच दोन टोकांतून दुसरी रेघ. मधे दोन रेघांमध्ये ४ मिमीचं अंतर, म्हणजे पट्टीला २ मिमीचा बाक. अर्धा दिवस गेला. कामाआधी पट्टी अशी उलटवून बघायला एक मिनिट लागतं.

मग लेझर लावला. ६० सेंमीच्या चौकटी खडूने आखल्या, ५६ बिंदू. प्रत्येक बिंदूवर मोजपट्टी उभी धरून लेझरची रेषा कुठे पडते ते कागदावर लिहिलं. सर्वांत उंच जागा खोलीच्या मधोमध, जेमतेम एक चौरस मीटरचा उंचवटा. बाकीची जमीन त्याच्यापेक्षा ३ मिमी किंवा आणखी खाली.

हा कागद समोर ठेवून बसल्याचा मोठा फायदा झाला. सेल्फ लेव्हलिंगचा, म्हणजे पातळ ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाचा थर सर्वांत उंच बिंदूच्या वर जावा लागतो. म्हणजे तो एक चौरस मीटर अख्ख्या खोलीची जाडी ठरवत होता. ग्राइंडरने उंचवटा ३ मिमीने खाली आणला, दीड तास. मिश्रण एका चौरस मीटरला, एका मिलीमीटर जाडीला साधारण १.६ किलो लागतं. १५ चौरस मीटर गुणिले ३ मिमी, म्हणजे ७२ किलो, २५ किलोच्या जवळजवळ तीन पिशव्या वाचल्या.

नवा हिशेब: उंच जागीही किमान २ मिमी धरून सरासरी ४ मिमी, खिडकीपाशी ९. एकूण ९७ किलो. चार पिशव्या. सहा आणल्या.

दाराचं पातं खालून कापावं लागेल. कोबा ते टाइलचा माथा ही उंची तिथे साधारण दीड-पावणेदोन सेंमी वाढते आहे.

२० मार्च

प्लास्टिक पुन्हा लावलं, यावेळी उघड्या कोब्यावर. दोन तुकडे कोरडे. खिडकीजवळच्या तुकड्याखाली आतून थेंब आणि काँक्रीट काळसर.

बाहेर जाऊन पाहिलं. छपराचं पाणी आणणारा नळ त्याच भिंतीच्या बुंध्याशी रिकामा होतो. नळाला वाकण आणि लांब तुकडा जोडून पाणी भिंतीपासून दूर नेलं, बुंध्याशी मातीचा उतार बाहेरच्या बाजूला केला. दोन तासांचं काम. ओल मात्र दोन तासांत जात नाही. आता थांबायचं. खिडक्या उघड्या, पंखा चालू.

१ एप्रिल

बारा दिवसांनी प्लास्टिक कोरडं. पण प्लास्टिक एवढंच सांगतं की पाणी सुटतं आहे की नाही. आत किती आहे ते सांगत नाही. म्हणून आर्द्रता मोजणारं उपकरण भाड्याने आणलं. कोबा १०० मिमी जाड, त्याच्या ४० टक्के खोलीवर मोजायचं, म्हणून ४० मिमीचं भोक. साफ करून, बंद करून, २४ तास थांबून मग आकडा घ्यायचा. तीन ठिकाणी भोकं पाडली. खिडकीपाशी ८१ टक्के, इतर दोन्हीकडे त्याहून कमी. आमच्या पिशवीवरची मर्यादा ८५. पुढे जायला हरकत नाही.

३ एप्रिल

दोनदा व्हॅक्युम, मग ओल्या फडक्याने पुसणं. टेप दाबून उचलली, चिकट बाजू स्वच्छ निघेपर्यंत हेच.

कडेने भिंतीलगत ८ मिमीची फोमची पट्टी लावली, म्हणजे थर भिंतीला घट्ट भिडणार नाही. दारात लाकडी पट्टी आणि तिच्याखाली फोम.

अख्ख्या खोलीत ओतण्याआधी कोपऱ्यात अर्धा चौरस मीटर करून बघू, असं काका म्हणाले होते. प्रायमरचा एक हात, वर थोडं मिश्रण. तासाभरात पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी असंख्य भोकं. घासलेला कोबा इतका तहानलेला होता की प्रायमर आत ओढून घेतला आणि रंध्रं उघडीच राहिली. मग मिश्रण ओतल्यावर आतली हवा बुडबुड्यांनी वर आली. नमुना खरवडून काढला. आता दोन हात: पहिला पाणी घालून पातळ, तो सुकल्यावर दुसरा आडव्या दिशेने. प्रमाण डब्यावर दिलेलं आहे.

नमुन्यासाठी एक पिशवी फोडावी लागली. तिच्यामुळे चार पिशव्यांचं काम वाचलं.

५ एप्रिल

ओतण्याचा दिवस. मिश्रण दहा-पंधरा मिनिटंच वाहतं, म्हणून सगळी तयारी आधी. तीन बादल्या, पाणी मोजायच्या भांड्यावर ५.५ लिटरची खूण (आमच्या पिशवीवर हा आकडा आहे), ड्रिलला लावलेला कालवायचा दांडा, काटेरी बूट, काटेरी रोलर. आधी पाणी, मग पावडर, तीन मिनिटं कालवायचं. भाऊ कालवतो, मी ओतते आणि पसरवते. खिडकीपासून सुरुवात, दाराशी शेवट. मागच्या बादलीची कड ओली असतानाच पुढची बादली तिला भिडली पाहिजे.

पहिल्या दोन पिशव्या फार सुंदर पसरल्या. तिसरी बादलीतच घट्ट व्हायला लागली. दोन पिशव्या सकाळपासून उन्हात राहिल्या होत्या, हे आमच्या लक्षात आलं नाही. घाईत भावाने अर्धा लिटर पाणी जास्त घातलं आणि मीही त्याला थांबवलं नाही. चौथी पिशवी सावलीतल्या पाण्याने कालवली, ती ठीक गेली.

६ एप्रिल

खिळ्याने ओरखडे काढून बघितलं. सगळीकडे फिकी रेघ उठते, भुकटी निघत नाही. तिसऱ्या बादलीच्या जागी खिळा रुतला आणि पांढरं पीठ वर आलं. जास्तीच्या पाण्याने जड दाणे खाली बसले आणि वर दुबळी साय राहिली.

मिश्रण घट्ट झालं तर ते टाकून द्यायचं असतं. एक पिशवी वाया गेली असती, आता दोन दिवस आणि एक पिशवी गेली.

७ ते ९ एप्रिल

तेवढा, साधारण तीन चौरस मीटरचा, तुकडा घासून काढला, प्रायमर दिला, पुन्हा ओतलं. पाचवी नाही, सहावी पिशवी. पाचवी नमुन्यासाठी फुटलेली होती.

१० एप्रिल

उलटवून तपासलेल्या नव्या पट्टीने अख्खी खोली मोजली. कुठेही दीड मिमीहून जास्त फट नाही.

जुन्या टाइल्सचे चार तुकडे, पाठ घासून साफ करून, वेगवेगळ्या जागी ॲडहेसिव्हने चिकटवले: एक मूळ थरावर, एक खिडकीपाशी, एक पुन्हा ओतलेल्या जागी, एक नव्या-जुन्या थराच्या सांध्यालगत. आठवडाभर हात लावायचा नाही.

१७ एप्रिल

पहिले तीन छिन्नीने फोडूनही पूर्ण निघाले नाहीत. टाइल फुटली, ॲडहेसिव्ह जमिनीवर राहिलं.

सांध्यालगतचा तुकडा दुसऱ्या घावात अख्खा निघाला. उलटून पाहिला. पाठीवर दातेरी थापीच्या रेषा स्वच्छ, आणि त्यावर पांढरी भुकटी. पहिल्या दिवशी तिथे तांबडा रंग होता.

दुबळी जागा मी ओतताना केलेल्या खुणांनुसार घासली होती. पण ओलं मिश्रण खुणेच्या पुढे वाहिलं होतं. खिळ्याने पुन्हा शोधलं, यावेळी वीतभर नाही, चार-चार बोटांवर. खुणेबाहेर आणखी ३० सेंमी रुंद, दोन मीटर लांब पट्टा मऊ निघाला. आज तो घासला. उघड्या पिशवीतलं उरलेलं वापरलं नाही, नवी आणली, सावलीत ठेवली आणि पाणी दोनदा मोजलं.

२६ एप्रिल

पट्ट्यावर तीन नवे तुकडे लावले होते, दोन त्याच्या कडांवर. आज तिन्ही फोडले. टाइलचे तुकडे तुकडे झाले, ॲडहेसिव्ह जमिनीवरच आहे. ते खरवडून पृष्ठभाग साफ केला. काका आले होते, त्यांनी अख्खी खोली हातोड्याने वाजवत एक फेरी मारली आणि काही न बोलता हातोडा माझ्या हातात दिला.

उद्या मेम्ब्रेन, परवा कोरडी मांडणी.